आकड्यांचा कंटाळा आहे, माणसांत काम करायचंय, काय करू?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. जालन्याचा आहेस, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, अकाउंट्सचं पुस्तक उघडलं की डोकं बंद पडतं, घरचे म्हणतात बँकेच्या परीक्षा दे नाहीतर टॅलीचा क्लास लाव, आणि तुला मात्र माणसांत राहायला आवडतं, गणपतीत मंडळाचं सगळं तूच बघतोस. म्हणून "ज्यात आकडे अजिबात नाहीत आणि माणसांशी काम आहे अशी करिअरं सांगा" असं विचारलंस. तुला अरे-तुरे करते, राग मानू नको, तुझ्या वयाचा भाचा आहे मला. मी एका धर्मादाय दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक आहे, एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करून २१ वर्षं झाली, आणि दहावीला गणितात काठावर पास झालेली बाई आहे, तेव्हा तुझं दुखणं मला पुस्तकातून वाचावं लागत नाही.

आधी एक कडू गोष्ट. आकडे अजिबात नाहीत असं काम मला अजून दिसलेलं नाही. कीर्तनकाराला सुद्धा बिदागी मोजून घ्यावी लागते. त्यामुळं "आकडे नसलेलं करिअर" शोधायला निघालास तर पाच वर्षं नुसता पळत राहशील आणि प्रत्येक ठिकाणी ते तुझ्या आधी येऊन बसलेले असतील. विचारायचं ते हे की कुठले आकडे, दिवसातून किती वेळ, आणि ते कुणासाठी.

माझंच बघ. गणित नको म्हणून आर्ट्स घेतलं, मग एमएसडब्ल्यू, वाटलं सुटले बाई. पहिल्याच वर्षी संशोधन पद्धतीचा पेपर आला, त्यात मीन, मीडियन, मोड, पुढं काय-स्क्वेअर, मी होस्टेलवर अक्षरशः रडले. मग परभणीकडच्या एका मैत्रिणीनं रात्री बसून शिकवलं, कॅल्क्युलेटर घेऊन, आणि ते निघालं. पहिली नोकरी गावपातळीवरच्या प्रकल्पात, तिथं काम लोकांशीच, पण महिना संपला की किती बैठका, किती बायका, किती लेकरं, त्याचा तक्ता भरून पाठवायचा. तो तक्ता मी दर महिन्याला शेवटच्या दिवशी रात्री भरायचे आणि दर महिन्याला बेरीज चुकायची. आमचे साहेब म्हणायचे, ताई, तुमच्या गावात ४० बायका आल्या का ६४, एकदा ठरवा.

आता एक प्रसंग सांगते, कारण त्या दिवशी मला स्वतःबद्दल काहीतरी कळलं. पाथरीकडची एक म्हातारी आमच्याकडं ॲडमिट होती, आयसीयूत. लेक शेतमजूर, पैसे उपरण्याच्या गाठीत. डिस्चार्जच्या दिवशी बिल घेऊन माझ्या टेबलापुढं उभा राहिला, म्हणे म्याडम काही कमी होतंय का बघा. आमच्यासारख्या ट्रस्टच्या दवाखान्यांना १० टक्के खाटा निर्धन पेशंटसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानं २००६ पासून ती योजना आहे, त्यामुळं रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला वगैरे बघणं माझंच काम. या माणसाचा दाखला होता दुर्बल घटकातला, म्हणजे बिल पूर्ण माफ नव्हतं, सवलतीत होतं. मी बिल बघत होते आणि मला आठवलं की म्हातारीला वॉर्डात हलवलं त्या दिवशी मी राऊंडला होते, आणि तिनं शुद्धीवर आल्यावर पहिलं काय विचारलं असेल तर "आज एकादस हाय का?" आणि भगर मागितली. सिस्टर हसल्या होत्या, हो आजी, एकादशीच आहे म्हणाल्या होत्या. म्हणजे एकादशीला म्हातारी वॉर्डात होती. भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, तारीख काढली, तर बिलात दुसऱ्या दिवसाचाही आयसीयू लावलेला. साडेचार हजार रुपये जास्तीचे. त्या माणसाला तेव्हा ३०० रुपये रोज मिळायचा, म्हणजे १५ दिवसांची मजुरी. बिलिंगच्या पोराला आकडे माझ्यापेक्षा दसपट चांगले येतात, पण त्याच्यापुढं नुसता बेड नंबर होता आणि माझ्यापुढं भगर मागणारी म्हातारी.

तेव्हापासून मी आमच्याकडं प्लेसमेंटला, म्हणजे शिकता शिकता काम बघायला, येणाऱ्या पोरापोरींना आधी हेच विचारते, तुला आकडा नको आहे का माणूस नसलेला आकडा नको आहे. दोन्हीत लई फरक आहे. कुणाला परीक्षेतल्या गणिताची भीती असते, पण दुकानात बसवलं तर तोंडी हिशोब चोख. कुणाला गणित येतं पण दिवसभर स्क्रीनवर तेच ते व्हाउचर टाकायचा कंटाळा. कुणाला साध्या हिशोबाचं काहीच नसतं, टार्गेट नावाच्या आकड्यानं रात्री झोप लागत नाही. आणि थोडी लेकरं अशीही असतात ज्यांना खरंच आकडे उलटसुलट दिसतात, ४३ चे ३४ होतात, घड्याळ बघायला वेळ लागतो, सुटे पैसे परत घेताना गोंधळ होतो, आणि हे लहानपणापासून आहे. तसं असेल तर तो आळस नाही, डिस्कॅल्क्युलिया म्हणतात त्याला, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेत तो येतो. अशा वेळी क्लास लावून उपयोग नाही, एकदा मानसशास्त्रज्ञाकडून नीट तपासणी करून घे. पण तू बी.कॉम.च्या पहिल्या वर्षातून पास होऊन आलायस, तेव्हा तुझं तसं नसावं असं वाटतं. तुझं बहुतेक दुसऱ्या प्रकारातलं आहे.

आता कामांकडं येऊ. माझ्याच कामापासून सुरू करते कारण तेच मला आतून माहीत आहे.

दवाखान्यातला समाजसेवक म्हणजे फुलं-फळं वाटणारा नाही. सकाळी ओपीडी, मग वॉर्डातला राऊंड, दुपारी दोननंतर कागद. एखाद्या बाईला कॅन्सर निघालाय आणि नवऱ्यानं तिला सांगितलेलंच नाही, विष घेतलेला पोरगा शुद्धीवर आलाय आणि बाप बाहेर बसून नुसता तंबाखू मळतोय, अपघातातल्या पेशंटचं कुणीच नाही, त्याच्या गावच्या सरपंचाला फोन लावायचा. नातेवाइकांचा राग काढून घ्यायचा, तोही आपलाच कामाचा भाग, डॉक्टर दोन मिनिटं बोलतात आणि उरलेलं सगळं आपल्याकडं येतं. यात आकडे आहेत का, आहेत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आजार कुठल्या पॅकेजमध्ये बसतो, किती मंजूर झाले, वरचे कुठून आणायचे. योजनेचं रोजचं काम आरोग्यमित्र बघतात, पण पेशंट विचारायला येतो माझ्याकडं. दिवसातला एक तास म्हण, फार तर दीड. सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यांतही हे पद असतं, जागा कमी निघतात, निघाल्या की अर्ज ढीगभर येतात, ते आधीच सांगून ठेवते.

यासाठी एमएसडब्ल्यू लागतं, दोन वर्षं, कुठल्याही शाखेची डिग्री चालते, म्हणजे तुझं बी.कॉम. वाया जात नाही. आपल्या मराठवाड्यात तुळजापूरला टाटा इन्स्टिट्यूटचं केंद्रच आहे, शिवाय संभाजीनगर आणि नांदेड या दोन्ही विद्यापीठांच्या हद्दीत समाजकार्याची कॉलेजं आहेत. कॉलेज निवडताना इमारत बघू नको, फील्डवर्क खरंच करून घेतात का ते सीनियरला विचार. आठवड्यातले ठरलेले दिवस वस्तीत, दवाखान्यात, कोर्टात जायचं असतं, काही ठिकाणी ते घरी बसून डायरीत लिहिलं जातं. अशा ठिकाणाहून डिग्री मिळेल, काम येणार नाही.

समुपदेशनाबद्दल लई जण विचारतात. "माझ्याकडं लोक मन मोकळं करतात" एवढ्यावर समुपदेशक होता येत नाही, आणि इथं एक गंमत आहे, मानसशास्त्राच्या एम.ए.त संख्याशास्त्र असतंच. घाबरू नको, मी काढलं तर तू काढशील, पण माहीत असू दे. सरकारी दवाखान्यांत एचआयव्ही तपासणीच्या केंद्रावर, म्हणजे आयसीटीसीला, समुपदेशक असतात, टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन घेणारेही असेच प्रशिक्षित लोक. या कामात सगळ्यात अवघड काय असेल तर गप्प बसणं. समोरचा रडतोय आणि आपण सल्ला द्यायचा नाही, पाण्याचा ग्लास पुढं करायचा आणि थांबायचं. गणपतीत माईक हातात घेणाऱ्याला हे जमेलच असं नाही, उलटंही नाही, पण "माणसं आवडतात" हा एकच शब्द झाला, त्यात ऐकणारी वेगळी, बोलणारी वेगळी, पटवणारी वेगळी आणि चार जणांचं भांडण मिटवणारी वेगळी. तू यातला कुठला ते तुझ्या प्रश्नात नाही.

एचआर. वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा एमआयडीसीमुळं आपल्याकडं सगळ्यांना हे आधी सुचतं, लोकांशी काम म्हणून. माझ्या हाताखालचा एक विद्यार्थी याच आशेनं गेला, छोट्या कारखान्यात लागला, वर्षभर हजेरी, ओव्हरटाइम, पीएफचे १२ टक्के, ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, पाऊण टक्का, हेच करत बसला. मला फोन करून म्हणाला, म्याडम मी अकाउंटंटच झालो की ओ, नुसतं नाव एचआर. छोट्या कंपनीत एचआर म्हणजे पगारपत्रक, मोठ्या कंपनीत पगार वेगळा विभाग करतो आणि मग भरती, ट्रेनिंग, कामगारांच्या तक्रारी हे तुझ्या वाट्याला येतं. म्हणून नोकरी घेताना पदाचं नाव सोड, सरळ विचार, "पगार कोण काढतं?" तोच पोरगा नंतर दुसरीकडं गेला, आता ट्रेनिंग बघतो, नवीन कामगारांना मशीनवर जाण्याआधी सुरक्षेचं शिकवतो, खुश आहे. पण पीएफचा हिशोब येत असल्यामुळं कामगार त्याच्याकडंच येतात विचारायला, हेही तोच सांगतो.

शिक्षक व्हायचं म्हणत असशील तर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा पहिला पेपर, पहिली ते पाचवीचा, त्यात १५० पैकी ३० मार्कांचं गणित आहे. सहावी ते आठवीच्या पेपरात सामाजिक शास्त्र निवडलं तर गणित टळतं, पण पुढं भरतीसाठी अभियोग्यता चाचणी द्यावीच लागते आणि तिथं बुद्धिमत्तेचे प्रश्न सुटत नाहीत. आणि नोकरी लागल्यावर काय? माझी बहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, तिला विचार. पोषण आहारात पहिली ते पाचवीला मुलामागं १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५०, आज किती लेकरं आली, किती शिजला, गोणीत किती उरला, आणि वही तपासायला कोण कधी येईल याचा नेम नाही. ती म्हणते मी मराठी शिकवते का खिचडी मोजते तेच कळंना. तरी ती नोकरी सोडणार नाही, का तर सकाळी वर्गात शिरल्यावर ४० लेकरं एका आवाजात "नमस्ते बाई" म्हणतात.

नर्सिंगमध्ये पोरांनाही आता चांगली संधी आहे, जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा तीन वर्षांचा, त्याला कुठल्याही शाखेची बारावी चालते, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, त्याला मात्र बारावी सायन्स लागतं म्हणून ते तुझ्यासाठी नाही, पण उदाहरण म्हणून सांगते. इतकं माणसांजवळचं काम दुसरं नाही आणि तिथं आकडा चुकला तर माणूस जातो. ५०० मिलीची सलाईन चार तासांत संपवायची, सेट एका मिलीला २० थेंबांचा असेल तर मिनिटाला साधारण ४२ थेंब. आमच्या जुन्या सिस्टर हे तोंडी करतात, हातातल्या घड्याळाकडं बघत थेंब मोजतात. त्यातल्या एक दहावीला गणितात नापास होऊन दुसऱ्या वेळी पास झालेल्या आहेत.

वकिली हाही रस्ता आहे, पदवीनंतर तीन वर्षं, अशील म्हणजे माणसंच माणसं, पण पहिली काही वर्षं सीनियरच्या मागं फायली घेऊन फिरायची, घरून खर्च निघत असेल तरच. वेरूळ-अजिंठ्याचं गाइडचं काम तुला बोलायला आवडत असेल तर बघण्यासारखं, एखादी परदेशी भाषा शिकलास तर चांगलंच. सीझन असतो तेव्हा श्वास घ्यायला वेळ नाही, उन्हाळ्यात दगड तापलेले आणि पर्यटक नाहीत, असं उत्पन्नाचं. उमेद या सरकारी अभियानाच्या बचत गटांचं काम बायकांना जास्त जुळतं, आणि तिथं गटाच्या पाच नियमांतलं, म्हणजे पंचसूत्रीतलं, पाचवं सूत्रच मुळी नियमित नोंदी आहे, म्हणजे वही आलीच.

एका गोष्टीपासून मात्र सांभाळून. जाहिरातीत "लोकांशी संवाद कौशल्य आवश्यक, अनुभव नको" असं लिहिलेलं असलं की ते बहुतेक विक्री किंवा वसुली असते. विमा, मायक्रोफायनान्स, कॉल सेंटर. कामं वाईट आहेत असं नाही, माझ्या ओळखीचे लोक त्यावर घर चालवतात, पण तिथं माणूस म्हणजेच आकडा होतो. मायक्रोफायनान्समधला एक पोरगा हप्त्याच्या मीटिंगला गावात जायचा, बायका त्याला जेवू घालायच्या, आणि एका बाईचा नवरा वारला त्या आठवड्यात त्याला तिच्या दारात हप्ता मागायला उभं राहावं लागलं. तो आमच्याकडं आला होता, स्वतः पेशंट म्हणून, झोप लागत नाही म्हणून. तुला हिशोबाचा कंटाळा असेल तर असू दे, पण टार्गेटचा त्रास होत असेल तर हा रस्ता धरू नको.

पैशाचं बोलायला लोक लाजतात, मी सांगते. समाजकार्यात सुरुवातीचा पगार कमी असतो. माझा पहिला पगार साडेचार हजार होता, त्या काळीही तो कमीच होता, आणि प्रकल्प संपला की नोकरी संपायची, दोनदा तसं झालंय माझं. घरात एकच कमावता असेल, बहिणीचं लग्न डोक्यावर असेल, तर दोन वर्षं एमएसडब्ल्यू करायला घरचे का नको म्हणतात ते समजून घे, ते तुझे वैरी नाहीत. बाहेर जायची तयारी आहे का यावरही बरंच अवलंबून आहे. जालन्यातच राहायचं असेल तर पर्याय कमी होतात, संभाजीनगरपर्यंत रोज रेल्वेनं जायची तयारी असेल तर वाढतात, पुण्याला गेलास तर अजून वाढतात पण खोलीभाड्यात पगार जातो.

आता काय करायचं ते. बी.कॉम. सोडू नको, एवढं ऐक. आर्ट्सला परत पहिल्या वर्षाला बसलास तर वर्षं जातील आणि पुढं जिथं जायचंय तिथं बी.कॉम. चालतंच आहे. शिवाय आमच्या क्षेत्रात ज्याला बॅलन्सशीट वाचता येते तो दुर्मिळ प्राणी आहे, संस्थेत देणगीदाराचा ऑडिटर आला की आम्ही सगळे त्याच्याकडं बघतो. तुला ते रोज करावं लागणार नाही, वर्षातून चार वेळा करावं लागेल आणि त्या चार दिवसांत तुझी किंमत कळेल.

परीक्षा झाल्या की उन्हाळ्यात तीन ठिकाणी आठ-आठ दिवस जाऊन बस. एक दवाखाना, एक शाळा (सुट्टी नसेल तर) किंवा वसतिगृह, एक जिथं विक्री आहे असं दुकान, ओळखीच्या मामाचं कापडाचं दुकान असलं तरी चालेल. पैसे मागू नको, मला बघायचंय म्हण, बहुतेक लोक हो म्हणतात. संध्याकाळी घरी आल्यावर दोनच गोष्टी लिहायच्या, आज कुठल्या माणसाबद्दल घरी येऊन बोललो आणि कुठल्या वेळी घड्याळाकडं बघितलं. पंचवीस दिवसांनी ती वही घेऊन बस. दवाखान्यातले पहिले तीन दिवस कुणालाच आवडत नाहीत, वासच तसा असतो, चौथ्या दिवसानंतरचं धर.

आणि एक विचारायचं राहिलं. मंडळाचं सगळं तूच बघतोस म्हणालास, तर वर्गणीची वही कुणाकडं असते? पावत्या कोण फाडतं, मांडववाल्याशी भावाची घासाघीस कोण करतं, विसर्जनानंतर उरलेले पैसे कोण मोजतं? ते तूच करत असशील तर तुझा प्रश्न वेगळा आहे, आणि दुसरा कुणी करत असेल तर तू त्या वेळात नेमका काय करत असतोस ते लिही. त्यावर मला जास्त नेमकं सांगता येईल.